स्पेलिंग चुकलेलं नाही, चुकवलेलं आहे

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे भाजीची नव्हे. झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावची जत्रा. दिवसा दुकानं, रात्रभर नाटक, घरोघरी पाहुणे. दुकानांमध्ये एक दुकान ठरलेलं असतं: जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर बुटांचा ढीग आणि त्या ढिगापलीकडे उभा राहून ‘कोनताबी घ्या, अडीचशे’ असं ओरडणारा एक जण. मूलजवळच्या एका मंडईत मी अशाच ढिगात हात घातला आणि मला एकामागून एक रत्नं सापडली. पहिला बूट ‘अबिबास’. दुसरा ‘रिडॉक’. तिसऱ्यावर उडी मारणारा तोच काळा प्राणी, खाली नाव ‘पामा’.

फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. हॉस्टेलच्या पोरांचा आमचा एक ग्रुप आहे, ‘नकली नगर’ नावाचा. तिथे फक्त असेच फोटो पडतात. ‘नोकला’चा मोबाईल, ‘पॅनासोनिक’मध्ये एक अक्षर जास्तीचं घुसलेला मिक्सर, बसस्टँडवरच्या पाण्याच्या बाटलीचं ते ओळखीचं हिरवट लेबल आणि त्यावर दोन अक्षरांची अदलाबदल. कोणीतरी असली आणि नकली शेजारी शेजारी ठेवून कोलाज करतं, खाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. माझ्या तीन बुटांनी त्या दिवशी मार्केट खाल्लं.

आधीच सांगतो, मी काही साधुसंत नाही. ही नावं विनोदी आहेतच आणि त्यांना हसणं हा गुन्हा नाही. पण त्याच मंडईत, त्याच संध्याकाळी एक छोटी गोष्ट घडली आणि त्यानंतर माझं हसू जरा अडखळायला लागलं.

आईने बिस्किटांचे चार पुडे घेतले होते. पिवळा पुडा, लाल अक्षरं, मधे गोबऱ्या गालांचं पोर. नाव वाचलं आणि मी फिस्सकन हसलो. असली नावातली अक्षरं पुढेमागे केलेली होती.

‘‘काहून हासतं रे?’’

‘‘आई, हे नकली आहे. नाव वाच ना.’’

आईने पुडा हातात घेऊन उलटापालटा केला. आई चौथी शिकलेली आहे. मराठी पेपर वाचते, राशनकार्ड वाचते, बचत गटाचा हिशोब तिच्याकडे असतो. पुड्यावर नाव इंग्रजीत. ‘‘पोट्टं तर तेच हाये,’’ ती म्हणाली. ‘‘रंग बी तोच हाये. मले का मालूम त्याहीनं आत का लिवलं?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण ते तिच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. उत्तर असं, की हा पुडा ज्याने बनवला त्याने माझ्या आईचा बरोबर अभ्यास केला होता. तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आपण या नावांना ‘स्पेलिंग मिस्टेक’ म्हणतो तिथेच चुकतो. मिस्टेक वगैरे काही नाही. छोट्या लिपीतला इंग्रजी ‘डी’ आरशात धरला की ‘बी’ दिसतो. अदिदासचा अबिबास असा होतो. रिबॉकचा रिडॉक त्याच आरशातून उलटा चालत येतो. नोकियातल्या ‘आय’चा ‘एल’ केला की नोकला. उभी रेघ ती उभी रेघच राहते. प्रत्येक वेळी शब्दाची बाहेरची आकृती तशीच ठेवायची, लांबी तीच, रंग तोच, आणि आतलं एक अक्षर हलवायचं. ज्याला अक्षरं वाचता येतात तो हसतो. ज्याला आकृती वाचता येते तो विकत घेतो. एकाच पुड्यावर दोन वेगवेगळे मजकूर छापलेत आणि आपण फक्त आपल्यासाठीचा वाचतोय.

अक्षर हलवायचं कारणही साधं आहे. आपल्या १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यात खोटं चिन्ह लावून माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पकडलं तर म्हणता यावं, ‘साहेब, आमचं नाव वेगळंच आहे, वाचा ना!’ म्हणजे चूक ही ग्राहकासाठी नसतेच, ती साहेबासाठी असते. कायदाही काही एवढा भोळा नाही. त्यात ‘फसवं साम्य’ नावाची गोष्ट आहे. हुबेहूब नक्कल नसली, तरी गोंधळ उडेल इतकी सारखी असली, तर तीही पकडीत येते.

आता गोंधळ उडेल, पण कोणाचा? माझा की आईचा?

लॉ करणाऱ्या मित्राने मला १९७२चा एक निकाल सांगितला. आपण चहात बुडवून लहानाचे मोठे झालो त्या पार्लेच्या बिस्किटांचा. तेव्हा त्याला पार्ले ग्लुको म्हणायचे. पार्लेच्या वेष्टनावर शेतवाडीचं चित्र होतं: मधे पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गायी आणि कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीने ग्लुकोज बिस्किटं काढली, त्यांच्या वेष्टनावरही मुलगी, गायी आणि कोंबड्या. फक्त या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा आणि जेवणाचं गाठोडं. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बादलीवाली विरुद्ध भारेवाली, कल्पना करा! कोर्टाने पार्लेच्या बाजूने निकाल दिला. त्यातला मुद्दा मात्र ‘नकली नगर’च्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. दोन वेष्टनं शेजारी शेजारी ठेवून फरक शोधत बसायचं नाही, असं कोर्टाने म्हटलं. ग्राहक दुकानात दोन पुडे घेऊन तुलना करत नाही. त्याच्या डोक्यात एक अंधूक आठवण असते आणि समोर एक पुडा असतो.

आणि आपला कोलाज काय करतो? नेमकं तेच, शेजारी शेजारी ठेवतो. शेजारी ठेवलं की कोणीही मूर्ख दिसतो.

शेजारी ठेवण्यावरून आठवलं. फर्स्ट इयरला नागपुरात आलो तेव्हा मीही असाच शेजारी ठेवला गेलो होतो. झाडीबोलीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. आम्ही पाणी नाही पीत, पानी पितो. डोळे नाही, डोरे. काळा नाही, कारा. माझ्या तोंडून पहिल्यांदा ‘डोरे’ निघालं तेव्हा रूममध्ये जे हसू फुटलं ना, ते अगदी अबिबासवालं हसू होतं. ‘अबे, हा मराठीचा डुप्लिकेट आहे!’ मीही हसलो. दुसरं काय करणार? दोन महिन्यांत माझे सगळे ‘ण’ दुरुस्त झाले. आता घरी फोन लावला की आईच विचारते, ‘‘कोनाशी बोलून राह्यलं तू?’’

असो. कोर्टाकडे परत येऊ, कारण तिथली सगळ्यात भारी गोष्ट राहिली आहे आणि ती थेट आमच्या जिल्ह्यांशी जोडलेली आहे, जरी त्या केसचा आणि गडचिरोलीचा काही संबंध नव्हता.

२००१चा निकाल. कॅडिला नावाच्याच दोन औषध कंपन्या भांडत होत्या. एकीचं औषध ‘फाल्सिगो’, दुसरीचं ‘फाल्सिटॅब’. दोन्ही फॅल्सिपेरम मलेरियावरची, जो डोक्यात जातो आणि जीव घेतो तो मलेरिया. नावं दिसायला भावंडं, पण आतलं औषध वेगळं: एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. खालच्या कोर्टांचं म्हणणं असं, की ही औषधं फक्त हॉस्पिटलला विकली जातात, डॉक्टर मंडळी शिकलेली असतात, त्यांचा कसला गोंधळ? सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही. गर्दीत, घाईत डॉक्टरचाही आणि औषध देणाऱ्याचाही गोंधळ होऊ शकतो आणि इथे गोंधळाची किंमत बिस्किटाएवढी नसते. म्हणून औषधांच्या नावांना जास्त कडक मोजमाप लावायचं, असं कोर्टाने सांगितलं. (त्या दोन नावांचा अंतिम फैसला त्यांनी स्वतः केला नाही. तो खालच्या कोर्टावर सोपवला.)

पण मला आवडलेला भाग पुढेच आहे. इंग्लंडमधल्या निकालांचा आधार घेऊन इथे नावं तोलणं बरोबर नाही, असं कोर्ट म्हणालं. कारण या देशात सगळ्यांची मिळून एक भाषा नाही, खूप लोकांना वाचता येत नाही आणि इंग्रजी कळणारे तर मूठभरच.

हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर गडचिरोलीची एसटी आली. देसाईगंजहून निघून सिरोंच्यापर्यंत जा. वर झाडीबोली, मधे गोंडी, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, भामरागडला माडिया, आणि गोदावरी-प्राणहिता गाठेपर्यंत सगळ्या पाट्या तेलुगू बोलायला लागलेल्या. एका जिल्ह्यात एवढ्या भाषा, आणि औषधाच्या पाकिटावर इंग्रजी. मलेरिया या जिल्ह्याला नवीन नाही, आणि इथे तो बऱ्याचदा फॅल्सिपेरमच असतो. आशाताई तापाच्या माणसाला गोळ्या देतात तेव्हा त्या घरातलं कोण नाव वाचणार आहे? गोळीचा रंग, पाकिटाची चकाकी आणि ताईंवरचा विश्वास, एवढंच असतं.

कोर्टाने २००१मध्ये जे ओळखलं ते आपल्या ग्रुपला अजून ओळखता आलेलं नाही. कोर्ट मोजमापासाठी माझ्या आईला घेतं. आपण मला घेतो.

आणि गंमत बघा, वाचता येणारेही काही फार सुरक्षित नाहीत. मागच्या वर्षी मी ऑनलाईन एक चार्जर मागवला. नाव बरोबर, एक अक्षर इकडेतिकडे नाही. चमकणारं होलोग्रामचं स्टिकर, क्यूआर कोडसुद्धा. पंधरा दिवसांत जळका वास यायला लागला आणि एका रात्री बोर्ड काळा पडला. मी तीन वेळा स्पेलिंग तपासलं होतं! अबिबास बिचारा निदान तोंडावर सांगून टाकतो की मी तो नव्हे. खरा बनेल माल कधीच स्पेलिंग चुकत नाही. स्पेलिंग बघून नकली ओळखायची सवय लागली, की बरोबर स्पेलिंगवाला आपल्या खिशात आरामात हात घालतो.

बियाण्यांचं तसंच आहे, आणि इथे हसू पूर्ण थांबतं. आमच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत, वरोरा, कोरपना, राजुरा या बाजूला कापूस. दरवर्षी खरिपाच्या तोंडावर ‘चोर बीटी’ पकडल्याच्या बातम्या येतात. तणनाशक सहन करणारं हे कापसाचं बियाणं, त्याला देशात मंजुरी नाही. तरी ते येतं आणि विकलं जातं. घेणारे शेतकरी अडाणी असतात असं समजू नका. निंदणाची मजुरी परवडत नाही, मजूर वेळेवर मिळत नाहीत, म्हणून ते जाणूनबुजून घेतात. पण चोर म्हटल्यावर त्याच्या मागून दुसरा चोरही येतो. पाकिटावर झकास नाव, झकास बोंडाचं चित्र, आणि आत काय आहे हे देवाला माहीत. बूट नकली निघाला तर पंधरा दिवसांत तळवा सुटतो, अडीचशे गेले, विषय संपला. बियाणं नकली निघालं तर ते कळेपर्यंत पाऊस पडून गेलेला असतो. तक्रार करायची तर बिल पाहिजे, लॉट नंबर पाहिजे, रिकामं पाकीट आणि उरलेलं थोडं बी पाहिजे. मग तालुक्याची समिती शेतात येऊन पाहणार. चोर बीटीला बिल कुठलं? ज्याची तक्रारच करता येत नाही असा नकली माल सगळ्यात बिनधास्त विकला जातो.

कीटकनाशकाच्या डब्यावर मात्र एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. त्यावर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला. त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. म्हणजे सरकारला ठरवलं तर जमतं. बिसलेरीनेही २०१७मध्ये बाटलीवरचं नाव मराठीसह देशी भाषांमध्ये छापायला सुरुवात केली होती. मग बिस्किटं, गोळ्या, बियाणं, चार्जर यांच्यावर ठळक अक्षरांत देवनागरी नाव छापायला कोणती अडचण आहे? आणि सिरोंच्याला तेलुगूत? मला तर वाटतं, ज्या कंपन्या नकली मालाच्या नावाने गळा काढतात त्यांना आधी हे विचारलं पाहिजे: तुमचा असली माल ओळखायची सोय तुम्ही माझ्या आईसाठी केली का? तुम्हीही रंग आणि चित्रावरच तिला माल विकला ना? मग नकलीवाल्यानेही तेच केलं.

आता एक उलटी गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातलीच, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावची.

तिथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३मध्ये त्यांना आपल्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर छटेच्या. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड करत गेले. तांदूळ बारीक निघाला, चवीला सरस, उतारा जास्त. १९९०च्या सुमारास धान तळोधीच्या बाजारात गेलं. नाव नव्हतंच. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, व्यापाऱ्याने तेच नाव लावून टाकलं: एचएमटी.

बघा, म्हणजे सरळ सरळ दुसऱ्याचा ब्रँड! बंगळुरूच्या सरकारी घड्याळाचं नाव झाडीपट्टीच्या धानाला. स्पेलिंगसुद्धा बदललं नाही. आपल्या ग्रुपच्या नियमाने हा पोतं भरून नकली माल झाला. आणि तांदूळ? तो असा असली, की पाहता पाहता कितीतरी राज्यांत पोचला.

पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दादाजींकडून बियाणं नेलं आणि १९९८मध्ये एक वाण प्रसारित केलं: ‘पीकेव्ही-एचएमटी’. आपलं श्रेय आपल्याला मिळालं नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. पुरस्कार मिळाले, २००५मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हातून गौरव झाला, २०१०मध्ये फोर्ब्ज मासिकाच्या यादीतही नाव आलं. ३ जून २०१८ला ते गेले. त्यांनी आणखीही वाणं काढली. त्यातल्या एकाचं नाव ‘डीआरके’, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. त्या वेळी त्यांनी कोणाच्या घड्याळाचं नाव लागायची वाट पाहिली नाही.

मी या गोष्टीवर बराच विचार केलाय. खालच्या माणसाने वरच्याचं नाव उचललं तर ते नकली, कॉमेडी, ग्रुपवर टाकण्यासारखं. वरच्याने खालच्याचं काम उचलून पुढे आपली अक्षरं जोडली तर त्याला काय म्हणतात? तिथे तर कोणी फोटो काढत नाही. आणि सरकारने घड्याळाचा तो कारखाना कधीच गुंडाळला. आता दुकानात ‘एचएमटी द्या’ म्हटलं तर आमच्याकडे कोणी मनगटाकडे बघत नाही, थेट पोतं उघडतं.

मात्र त्या पोत्यातही आता सगळं एचएमटी नसतं, हे आमचे बाबा सांगतात. नावाला भाव आला की नावाखाली काहीही खपतं. बाबा छापलेलं नाव बघतच नाहीत. चार दाणे तळहातावर घेतात, उजेडाकडे धरतात, एक दाणा दाताखाली तोडतात आणि म्हणतात, ‘‘नाई, हा तो नोहे.’’ माझं बी.एस्सी. होत आलंय आणि मला ते अजून जमत नाही.

मंडई आटोपून मी हॉस्टेलला परत निघालो तेव्हा आईने घरच्या तांदळाचं पंधरा किलोचं पोतं सोबत दिलं. एसटीच्या टपावर बदलू नये म्हणून बाबांनी त्यावर काळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘येचमटी’. रूमवर पोचल्यावर मी त्याचा फोटो काढला, जरा वेळ बघितला आणि ‘नकली नगर’वर टाकला. खाली लिहिलं, ‘हे असली आहे.’

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग रूम नंबर चौदावाल्याचा मेसेज आला: ‘कुकर कोणाकडे आहे बे?’